तळ दिसतो का?

भिया,

तुमच्या तळ्याचं पाणी हिरवं झालं. तुम्ही गेल्यावर तुम्हाला सांगावी अशी पहिली गोष्ट हीच होती. घर माणसांनी भरलेलं होतं, इंदूरची, मनावर गावची, भोपाळची. प्रत्येक जण तुमच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलत होता. मास्तर म्हणून तुम्ही कसे होतात, फळ्यावर हातानं काढलेलं तुमचं वर्तुळ किती गोल यायचं, रागावलात तरी आवाज कसा चढायचा नाही. मी मान हलवत होतो. मनात एवढंच चाललं होतं की मागं जाऊन पंप कुणी बंद केलाय ते बघायला हवं.

मला दुःख झालंय की नाही ते अजून मला नीट सांगता येत नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी सगळ्या अंगाचं झालंय. चहा घेतो, पेपर वाचतो, कुंदानं काही विचारलं की उत्तर देतो. स्मशानातही मी असाच होतो. तुमच्या अमोलनं माझा दंड धरला होता. मला वाटलं, पोराला आधार हवा असेल, म्हणून मी घट्ट उभा राहिलो. नंतर कुंदानं सांगितलं, तुम्ही पुढं पुढं चालला होतात, तो तुम्हाला अडवत होता.

तर पाणी. तुम्ही इंदूरच्या दवाखान्यात होतात तेव्हा धारच्या घरात कुणीच नव्हतं. किल्ली शेजाऱ्यांकडे, ते येऊन तुळशीला पाणी घालून जायचे. परसातला पंप घरघरतो म्हणून कुणीतरी बटण बंद केलं असावं. मग तुम्हाला घरी आणलं, आणि पुढचं सगळं सुरू झालं. गुरुजी म्हणाले, गेलेल्या माणसाच्या नावानं माशांना कणकेच्या गोळ्या घालाव्यात, फार पुण्याचं काम. गावातल्या मुंज तालाबावर जायचं ठरत होतं, तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की मासे घरातच आहेत. मग जो येई तो स्वयंपाकघरात जाऊन कणीक मागे. काकवा, मावश्या, तुमचे जुने विद्यार्थी, सगळे तळ्याच्या कठड्याशी हात जोडून उभे राहायचे आणि गोळ्या सोडायचे. मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेली कणीक तळाशी बसली आणि आंबली. वर चैत्राचं ऊन. बघता बघता पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. तुमच्या नावानं जमलेलं सगळं पुण्य तुमच्याच पाण्यात कुजलं, भिया. हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात, आणि मग मला एका बाजूला घेऊन चिडला असतात.

आपल्या दोघांचं नातं तसं कुणाला सांगण्यासारखं नाही. साडू. अक्का आणि कुंदा, या दोन बहिणींनी आपल्याशी लग्नं केली म्हणून आपण एकमेकांचे झालो. देवासला सासऱ्यांच्या घरी माझा पहिला दिवाळसण होता. आपले सासरे नानासाहेब पाटावर ताठ बसलेले, जुन्या दरबारातला त्यांचा रुबाब नोकरी गेली तरी गेलेला नव्हता. पंगतीत कुणी बोलत नव्हतं. मी तुम्हाला हळूच विचारलं, श्रीधरराव, मीठ इकडे सरकवता का. तुम्ही मीठ सरकवलंत आणि बोलला नाहीत. जेवणं झाल्यावर मला पानाच्या दुकानावर नेलंत आणि समजावलंत की या घरात जेवताना बोलायचं नसतं, जे बोलायचं ते इथं येऊन बोलायचं. आणि म्हणालात, "और सुनो, मला श्रीधरराव म्हणू नका. भिया म्हणा. पूरा मालवा कहता है." तेव्हापासून तुम्ही भिया. मी मात्र तुमच्यासाठी शेवटपर्यंत विनायकराव राहिलो. तुम्ही ते असं म्हणायचात की त्यातला राव थट्टेतला आहे की मानाचा, ते मला कधी कळलं नाही.

तुम्ही मनावरची शाळा सोडून धारला घरी येऊन राहिलात, तेव्हा तळ्याचं वेड डोक्यात आलं. मला फोन करून म्हणालात, "आयुष्यभर दुसऱ्यांचं घाण पाणी साफ केलंत, आता माझं करा." हे खरंच होतं. देवासच्या कारखान्यात मी सांडपाण्याच्या विभागात नोकरी केली. लालपिवळं, फेसाळ पाणी यायचं, ते निवळून बाहेर सोडायचं. त्या कामात दिवस गेले, आणि त्याबद्दल मला कधी कुणी दोन प्रश्न विचारले नाहीत. तुम्ही विचारलेत. पाणी हिरवं का होतं, तुरटीनं नेमकं काय होतं, मासे असतील तर ती का चालत नाही. मास्तर असून तुम्ही विद्यार्थ्यासारखं ऐकायचात आणि मग एखादी शंका अशी काढायचात की मला देवासला परत जाऊन विचार करावा लागायचा.

मला तेव्हा तळं पटलं नव्हतं, हेही तुम्हाला माहीत होतं. देवासला एके काळी रेल्वेनं पाणी यायचं. ते दिवस ज्यानं काढलेत तो शोभेसाठी पाणी साठवायला सहज तयार होत नाही. म्हणून मी अट घातली की या तळ्यातलं पाणी गटारात जाणार नाही. काढलेलं प्रत्येक बादलीभर पाणी झाडांना. तुम्ही कबूल केलंत, आणि तुमच्या पपया त्या पाण्यावर अशा वाढल्या की अक्का गल्लीभर वाटत सुटायच्या. तुम्ही त्याला तळं म्हणायचात, अक्का हौद म्हणायच्या आणि अमोल पॉन्ड. दोन माणसं आडवी झोपतील एवढं लांब आणि कमरेइतकं खोल. एका कोपऱ्यात कमळ, दुसऱ्या कोपऱ्यात निळा ड्रम, त्यात खडी आणि स्पंज. पंप पाणी वर ड्रममध्ये चढवायचा आणि ते गाळून परत खाली पडायचं. एवढंच आपलं तंत्र. नारिंगी मासे तुम्ही इंदूरहून आणलेत. त्यातला जो सगळ्यात लठ्ठ, संथ आणि कुणाकडे न बघता फिरणारा होता, त्याचं नाव तुम्ही नानासाहेब ठेवलंत. अक्का दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत.

वाद मात्र पहिल्या वर्षापासून होता. मी म्हणायचो, माशांना काचेसारखं पाणी लागत नाही. थोडी हिरवी झाक असलेली बरी, त्यांना खायला मिळतं, सावली मिळते. तुम्ही ऐकायचा नाहीत. तुम्ही तळाशी एक पांढरी फरशी ठेवली होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन कठड्याशी उभे राहायचात आणि ती फरशी दिसते का ते बघायचात. दिसली की दिवस चांगला. मी म्हणायचो, भिया, हे तळं आहे, प्रयोगशाळा नाही. तुम्ही म्हणायचात, "मला तळ दिसला पाहिजे. बाकी मला काही सांगू नका."

मला तो हट्ट वाटायचा. गणिताच्या मास्तराचा हट्ट.

मग तो फोन आला. पावसाळा नुकताच संपला होता. पाणी गढूळ झालंय, काही केल्या निवळत नाही, येऊन बघा, असं म्हणालात. मी देवासहून इंदूर, तिथं बस बदलून धार, असा अर्धा दिवस घालवून आलो. पिशवीत नवा स्पंज होता. सरळ परसात गेलो. तुम्ही कठड्याशी उभे होतात.

पाणी स्वच्छ होतं, भिया. इतकं स्वच्छ मी ते त्याआधी पाहिलं नव्हतं. तळाची फरशी दिसत होती, तिचा फुटका कोपरा दिसत होता, फरशीवर बसलेली शेवाळाची एक काडी दिसत होती.

"बघा," तुम्ही म्हणालात. "सगळं धूसर. तळ दिसतो का, विनायकराव?"

मी पाण्याकडे बघितलं आणि मग तुमच्याकडे. तुम्ही फरशीकडे बघत नव्हतात. तुमची नजर तिच्या थोडी बाजूला, कमळाच्या पानांच्या आसपास कुठंतरी होती. त्या क्षणी मला बाकीचं सगळं आठवलं. मागे एका लग्नात तुम्ही पायरी चुकला होतात. ताटात वाटी शोधताना तुमची बोटं आधी फिरायची. पेपर आता अक्का वाचून दाखवतात, असं तुम्ही हसत सांगितलं होतं. इंदूरच्या डॉक्टरकडे जाता, डोळ्यांत थेंब घालता, हे मला ठाऊक होतं. काचबिंदू हा शब्दही एकदा कानावर पडला होता. पण तुम्ही म्हणायचात, वयाचं आहे, चालायचंच, आणि मी ते तेवढ्यावर सोडून दिलं होतं.

मी म्हणालो, "थोडं गढूळ आहे. करू साफ."

तसं का म्हणालो ते मला आजही माहीत नाही. एकदा म्हटल्यावर ते तसंच पुढं चाललं.

त्या दुपारी आपण दोघांनी स्वच्छ पाणी साफ केलं. चौथा हिस्सा पाणी बादल्यांनी काढून पपयांना घातलं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, हे तुम्ही मला असं समजावलंत जसं काही ते मीच तुम्हाला शिकवलं नव्हतं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, नाहीतर त्यातले चांगले जंतू मरतात, हेही. नळाचं पाणी टाकीत भरून ठेवलेलं होतं, त्याचा औषधाचा वास उडाल्यावर ते हळूहळू आत सोडलं. कुठली बादली कुठं, पंपाची पिन कुठं, सगळं तुमच्या हातांना पाठ होतं. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. काम करता करता आपण नानासाहेबांच्या गोष्टी काढल्या, अमोलच्या नोकरीबद्दल बोललो, देवासच्या नगरपालिकेला शिव्या घातल्या. शेवटी तुम्ही कठड्यावर हात टेकून वाकलात, बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, आता जरा बरं वाटतं.

त्यानंतर तुमचा फोन अधूनमधून येतच राहिला. पाणी गढूळ झालंय. मी यायचो. पाणी स्वच्छ असायचं. थोडं गढूळ आहे, असं मी म्हणायचो आणि आपण बाह्या सरसावायचो. डोळे हा शब्द आपल्यात कधी आला नाही. तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. घरी आल्यावर कुंदा विचारायची, झालं का साफ? मी सांगायचो, झालं. तिलाही मी कधी काही सांगितलं नव्हतं.

आणि मग ते यंत्र आलं. अमोलनं बंगळूरहून पाठवलेलं. आत निळा दिवा असतो, पाणी त्याच्याजवळून गेलं की हिरवेपणा मरतो. बाबांना आणि मौसाजींना, म्हणजे मला, त्रास नको, असं त्यानं फोनवर सांगितलं. मी बॉक्सवरची माहिती वाचली आणि मला ते आवडलं. असं साधन आमच्या विभागात असतं तर, असं वाटून गेलं. मी म्हणालो, लावू या. तुम्ही नाही म्हणालात. मी समजावायला गेलो, तर तुम्ही असे चिडलात की अक्का आतून बाहेर आल्या. "मला यंत्र नको. सांगितलं ना एकदा." मीही ऐकेना. तेव्हा मी पाण्याबद्दलच बोलत होतो. दिवा कसा काम करतो, माशांना त्यानं काही होत नाही, वीज किती कमी लागते. तुम्ही तोंड फिरवून बसलात. मी निघताना म्हणालात, पुढच्या वेळी बोलू.

पुढची वेळ इंदूरच्या दवाखान्यात आली. तिथं तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी बाजूला बसून तुमचा हात धरला होता आणि त्या हाताला अजून पाण्याचा, शेवाळाचा वास येतोय असं मला वाटत होतं. यायचं काही कारण नव्हतं. दवाखान्यात सगळ्यालाच औषधाचा वास येतो.

तुमचे दिवस झाले. पाहुणे गेले. कुंदानं ठरवलं की ती काही दिवस अक्कांजवळ राहील, म्हणून मीही राहिलो. अमोलची रजा शिल्लक होती. त्याचं म्हणणं होतं की आईनं बंगळूरला चलावं, आणि तोवर हा पॉन्ड बुजवून टाकावा. "इसमें मच्छर होंगे, आई एकटी काय करणार?" असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. अक्का काहीच म्हणत नव्हत्या. त्या हौदाकडे जातच नव्हत्या. तुम्ही होतात तेव्हाही तो तुमचा प्रांत होता.

एका सकाळी त्यांची हाक आली. त्या कपडे वाळत घालायला मागं गेल्या होत्या. मी धावलो. मासे सगळे वर आले होते, पाण्याच्या अगदी कडेला, तोंडं उघडून वरची हवा ओढत होते. एवढं हिरवं पाणी रात्रभर आतला प्राणवायू खाऊन टाकतं, पहाटे माशांना काही उरत नाही. एक मासा उलटा होऊन तरंगत होता. इतके दिवस बंदच राहिलेला पंप सुरू करायला मी वळलो तेवढ्यात अक्कांनी नळाची नळी ओढली, तिच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याची धार वरून सोडायला लागल्या. त्यांना हे कुणी शिकवलं, कुणास ठाऊक. धारेचे शिंतोडे त्यांच्या पातळावर उडत होते आणि त्या मला सांगत होत्या,

"विनायकराव, आधी बाबांना बघा. बाबा कुठं आहेत ते बघा."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. नानासाहेब कमळाच्या पानाखाली होते, हळूहळू कल्ले हलवत. मी म्हणालो, बाबा ठीक आहेत. अक्का नळी धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्या रडायला लागल्या. तुमच्या दिवसांत त्या इतक्या रडल्या नव्हत्या. मी त्यांच्या हातातून नळी घेतली. मला काहीच होत नव्हतं. मी पाणी उडवत राहिलो.

त्यानंतर आम्ही दोघांनी तळं साफ करायला घेतलं. कुंदा चहा आणून द्यायची. तळाची आंबलेली कणीक काढली, काळा गाळ काढला, पाणी थोडं थोडं बदललं. माशांना खायला घालणं बंद केलं. अक्कांनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात घातला. त्यांच्या हातात बादली बघून मला सारखं चुकल्यासारखं होत होतं, कारण ती बादली तुमच्या हातात असायची.

स्पंज पिळताना त्या म्हणाल्या, "तुम्ही यायचात तेव्हा पाणी साफच असायचं ना?"

मी त्यांच्या हातातला स्पंज घेतला.

"मला माहीत आहे. तुम्ही गेलात की ते मला मागं घेऊन यायचे. म्हणायचे, विनायकरावांनी काय सांगितलं ते सोड, तू खरं सांग, तळ दिसतोय का? मी सांगायची, दिसतोय, पहिल्यापासून दिसतोय."

मी विचारलं, मग?

"मग काही नाही. एकदा मीच चिडले. म्हटलं, त्यांना कशाला एवढ्या लांबून बोलावता, सरळ सांगून टाका की डोळ्यांनी दिसत नाही. तर म्हणाले, माझ्या डोळ्यांचं मला कळतंय. पण तो माणूस एवढ्या लांबून खोटं बोलायला येतो. त्याला येऊ दे."

मी स्पंज पिळत राहिलो. हिरवं पाणी बोटांतून खाली पडत होतं. एखाद्यानं ओंजळीत काहीतरी ठेवावं आणि ते गरम आहे की गार तेही कळू नये, तसं झालं होतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हणालो, याला अजून एकदा पिळायला हवं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी गढूळ म्हणायचो तेव्हा तुम्ही कठड्यावर वाकून, बराच वेळ बघून, आता जरा बरं वाटतं म्हणायचात. तेव्हा आपण दोघेही खोटं बोलत होतो, आणि त्यातल्या एकालाच दोन्ही बाजू ठाऊक होत्या. नोकरी सुटल्यावर मी देवासला घरात नुसता बसून असायचो, कुणी बोलावत नव्हतं, कुणाला माझ्या पाण्याच्या ज्ञानाचं काम नव्हतं, हे तुम्ही कुंदाकडून ऐकलं होतं का? ते मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. कोण कुणासाठी बादल्या उचलत होतं ते कळून आता काय करायचं?

यंत्रावर का चिडलात, तेही मग उमगलं. त्या यंत्रानं पाणी गढूळ झालंच नसतं, आणि मग फोन कशासाठी करायचा?

यंत्र अमोलनंच लावलं. कपाटावर बॉक्स तसाच बंद सापडला तेव्हा त्यानं तो खाली काढून फिरवून बघितला. मग म्हणाला, मौसाजी, ये तो खोला ही नहीं. मी म्हटलं, तुझ्या बाबांना पटलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं. पुढचं मी त्याला सांगितलं नाही. त्याला मराठी कळतं, पण हे कुठल्या भाषेत सांगायचं ते मला सुचेना. दोघांनी मिळून पंपाच्या नळीत ते बसवलं, वायर ओढली, कठड्याला पट्टी ठोकली. पॉन्ड बुजवायचं त्यानं परत काढलं नाही. अक्काच एकदा जेवताना म्हणाल्या, हौद राहू दे, आणि मीही दिवाळीपर्यंत इथंच आहे, मग बघू. त्या असं म्हणाल्या की घरात वाद होत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि भिया, यंत्र चांगलं आहे. मी म्हणत होतो तसंच आहे. आधी हिरवा रंग फिका झाला, मग पाणी दुधट दिसायला लागलं, मग एके दिवशी कमळाचे देठ खालपर्यंत दिसले. काल सकाळी मी चहाचा कप घेऊन उभा होतो. फरशी दिसली, फुटका कोपरा दिसला. नानासाहेब तिच्यावरून गेले तर त्यांची सावलीही तिच्यावरून गेली. तो वाद मी जिंकलो. दिव्याबद्दलचं माझं सगळं म्हणणं खरं निघालं, आणि ज्याच्याशी वाद होता त्याला हे ऐकवायचं होतं.

पाण्याला आता कुणी लागत नाही. बटण चालू असलं की झालं.

आज मी देवासला निघालो. कुंदा राहतेय. घर बंद आहे, विजेचं बिल, कुंड्या, काहीतरी बघायला हवं, असं मी म्हणालो. कुणी थांबवलं नाही. अक्कांनी शिदोरी दिली. पाया पडायला वाकलो, तर त्या म्हणाल्या, रविवारी या. मी म्हणालो, अक्का, पाणी आता साफच राहणार, माझं काय काम? त्या म्हणाल्या, जेवायला या. कामाला बोलावलं असं मी म्हटलं का? आणि आत गेल्या.

बस स्टँडवर इंदूरची गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसलो, पिशवी मांडीवर घेतली. उन्हात समोरच्या ठेल्यावर पोह्यांची वाफ दिसत होती, माणसं खात होती, एक जण ताटली चाटत होता. सगळं नेहमीसारखं. कंडक्टर आला आणि त्यानं विचारलं, "कहाँ का दूँ, बाबूजी?"

मी म्हणालो, "धार का."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाबूजी, धार में ही तो बैठे हो."

शेजारचा माणूस हसला, वाईट हेतूनं नाही. मला पुढचं गाव आठवेना. कंडक्टर तिकिटांची मशीन हातात धरून थांबला होता, मागची माणसं त्याला हाका मारत होती, तरी तो माझ्यापासून हलला नाही. थोड्या वेळानं मीच म्हणालो, इंदूर. त्यानं तिकीट फाडून माझ्या मुठीत दिलं आणि मूठ आपल्या हातानं मिटवली.

गाडी सुटली, भिया.